पिवळ्या बनियनवाल्यांचं ग्राउंड

वर्ध्याला बाहेरची माणसं जातात ती आश्रम पाहायला. येताना गोरसपाकाच्या बिस्किटांचे डबे आणतात आणि मन कसं शांत झालं ते सगळ्यांना सांगत सुटतात. मी जानेवारीत गेले ती फुटबॉलचं एक मैदान शोधायला. मन शांतबिंत काही झालं नाही. पण सांगलीच्या आमच्या शेजारणी अजून विचारतात, "एवढ्या थंडीत आजारी माणसाला घेऊन गेलात, तिथं होतं तरी काय?" जिन्यात भाजीची पिशवी धरून सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले.

आजारी माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ मनोहर. त्याला आम्ही भाऊच म्हणतो. इटारसीला रेल्वेत नोकरी केली. बायको आधीच गेली, मूलबाळ नाही. मागच्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी त्याला सांगलीला आणलं. काठी धरून चालायला लागला, डाव्या हातानं जेवायला लागला, पण वाचा काही आली नाही. एकच शब्द शिल्लक राहिला, तो म्हणजे 'ग्राउंड'. भूक लागली तरी ग्राउंड, औषध नको असलं तरी ग्राउंड. मला हाक मारायची तरी ग्राउंडच! संध्याकाळी ऊन उतरलं की मात्र हा दारात जाऊन एका पायात चप्पल घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "ग्राउंड." तेव्हा त्याचा अर्थ खराखुरा ग्राउंडच असायचा.

मी त्याला आमच्या गल्लीमागच्या मैदानावर नेऊन पाहिलं. विश्वचषक जिंकल्यापासून तिथं जिकडंतिकडं बॅटी आणि विटांचे स्टंप. भाऊनं ते सगळं एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागला. डॉक्टर म्हणाले, "जुनी जागा दिसली तर एखादा शब्द परत येतो कधीकधी. येईलच असं नाही." मला तेवढं पुरेसं होतं. आई गेली, बाबा गेले. मला 'शके' म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं आणि ते मला ग्राउंड म्हणत होतं. मला माझं नाव परत हवं होतं. यात आजाऱ्याच्या सेवेपेक्षा माझा हट्टच जास्त, हे मला कळत होतं. पण कळून काय करता!

आता खरी अडचण सांगते. ते मैदान मी जन्मात पाहिलं नव्हतं. वर्ध्यात वाढले, भाऊच्या क्लबाच्या बनियनी पिवळ्या रंगात मी बुचकळल्या, मॅचनंतर मीच धुतल्या, पण मैदान पाहिलं नाही. पोरीच्या जातीनं तिकडं फिरकायचं नाही, हा कायदा बाबांचा नव्हे, भाऊचा. संध्याकाळी मी भाकरी थापत असायची आणि लांबून आरोळी यायची. तिच्यावरून गोल कुणी केला ते मी ओळखायची. क्लबाला काही नाव होतं म्हणे. लोक त्यांना पिवळे बनियनवालेच म्हणायचे.

सिंदी मेघे

गाडी वर्ध्याला लागली तेव्हा दव पडत होतं. स्टेशनाबाहेर एका हातगाडीवर गरम पोह्यांवर लालभडक तर्री ओतून देत होते. सांगलीत आम्ही पोह्यावर खोबरं, कोथिंबीर पेरतो आणि स्वतःला शहाणे समजतो. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भाऊनं डाव्या हातानं सगळी प्लेट साफ केली आणि गाडीवाल्यापुढं धरली. "ग्राउंड," तो म्हणाला. गाडीवाल्यानं काही न विचारता आणखी तर्री वाढली. आपलं गाव म्हणतात ते हेच असावं.

उतरलो वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघ्याला, माझी मामेबहीण कुसुम हिच्याकडे. कुसुमनं भाऊला पाहिलं, पदर तोंडाला लावला, मग लगेच पदर खोचून चुलीकडे गेली. "रडून काय होते वो? आधी जेवाले बसा," म्हणाली. भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कच्ची कांद्याची पात, वर तेलाची धार, आणि ज्वारीची भाकर. माझ्या सासरी भाकरी म्हणतात. त्या एका वेलांटीवरून मला नवऱ्यानं जन्मभर चिडवलं आहे. त्या दिवशी मी पोटभर 'भाकर' म्हणून घेतलं.

कुसुमचे यजमान रामरावजी. त्यांना ग्राउंडचं विचारलं तर म्हणाले, "काऊन शोधून राह्यल्या? हे काय, आपल्या मागच्या लेआउटात! लहानपणी मी स्वतः पाहाले गेलतो."

माझा जीव भांड्यात पडला. हे तर काखेत कळसा नि गावाला वळसा झालं! दुपारी सायकलरिक्षा केली, भाऊला स्वेटर चढवला, कुसुमचे तिळगूळ बांधून घेतले. लेआउट म्हणजे शेत मोडून पाडलेले प्लॉट. चुन्याच्या रेषा पुसट झालेल्या, मधूनमधून विटांची नवी घरं, त्यांवर आडवी-उभी लोखंडी सळई. रामरावजींनी सांगितलेल्या विहिरीपाशी रिक्षा थांबली. मी भाऊला उतरवलं आणि एका घरासमोर उभी राहून इकडंतिकडं बघू लागले. गोलपोस्ट कुठं असेल, लोक कुठं बसत असतील, असा माझा अंदाज चाललेला.

एवढ्यात त्या घरातून एक बाई लगबगीनं बाहेर आल्या. "या नं जी, या! बाहेर काऊन उभे? आम्ही तं तुमी उद्या येसान म्हणत होतो."

मी म्हणाले, "नाही हो, आम्ही नुसतं पाहायला आलो."

"हो, पाहालेच तं! बसा नं."

सतरंजी पसरली गेली. तांब्याभर पाणी आलं. आतून भांड्यांची खडखड, कुणाला तरी हळू आवाजात रागावणं, आणि मग पोह्यांची ताटली घेऊन खाली मान घातलेली एक मुलगी! डोईवरून पदर, हातात नव्या बांगड्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. यांच्याकडे मुलगी पाहायला कुणी यायचं होतं, आणि रिक्षातून उतरलेलं हे पोक्त जोडपं म्हणजे मुलाचे आईबाप असं त्यांनी धरलं होतं. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! अन् मी इले नवी साडी नेसवली!" मुलीनं मान वर केली आणि अशी मोकळी हसली की तिला मीच पसंत करून टाकावं असं वाटलं. पोहे मात्र त्यांनी खायलाच लावले. "मैदान असो का सोयरिक, आल्या माणसाले उपाशी धाडत नाई," म्हणाल्या.

या सगळ्यात भाऊ कुठं होता? तो रिक्षाच्या दांड्याला धरून उभा होता. मी त्याला घरामागच्या मोकळ्या तुकड्यावर नेलं. काळी माती, भेगा पडलेल्या, मध्ये एक वाकडी बाभूळ. "भाऊ, बघ, ग्राउंड!" मी म्हणाले. आनंदानं म्हणाले हो. त्यानं पायाखाली पाहिलं. काठीनं एक ढेकूळ उलटं केलं. मग रिक्षाकडे तोंड करून तो म्हणाला, "ग्राउंड." चल, आता ग्राउंडवर ने, एवढाच त्याचा अर्थ होता. परतताना तिळगूळ तसेच मांडीवर राहिले.

रात्री जेवताना कुसुमच्या शेजारचे एक काका आले. ते म्हणाले ग्राउंड सिंदीत नव्हतंच, नाल्याच्या पलीकडं होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर तिथं फायनल झाली. रामरावजी तापले. दोघांची अशी जुंपली की भांडणाऱ्यांच्या मध्ये माझं मैदान राहिलं बाजूला. कुसुमनंच शेवटी तोडगा काढला. "आष्टीचे नामदेवराव अजून हायेत नं. भाऊसंगं खेळत होते. त्याहीले जाऊन पुसजो."

आष्टी

भाऊला कुसुमवर सोपवून मी सकाळच्या एसटीनं आष्टीला निघाले. आर्वी मागे पडल्यावर तुरी पिवळ्या पडलेल्या दिसू लागल्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या ओट्या फुगलेल्या. मग संत्र्यांच्या बागा लागल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं ओळखदेख नसताना मला तुरीच्या उकडलेल्या शेंगा दिल्या आणि माहेर कोणतं ते विचारलं. वर्धा म्हटल्यावर आणखी एक मूठ दिली. सांगलीकडे आधी सासर विचारतात.

आष्टीला आठवड्याचा बाजार भरला होता. बेचाळीसच्या लढ्याचं गाव म्हणून लहानपणी बाबा या गावाचं नाव टोपी सारखी करून घ्यायचे. बाजारात मात्र सगळं नेहमीचं होतं, मिरचीचे ढीग, दोरखंडं, बांगड्या, शेळ्यांचं बें बें. नामदेवराव संत्र्यांच्या ढिगामागं पोत्यावर बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला मफलर, एक पाय लांब सोडलेला. मी नाव सांगितलं तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मनोहरची बहीण? म्हंजे शकू तं नव्हं?"

"हो, तीच."

"ये, बस." त्यांनी पोतं झटकलं आणि एक संत्रं सोलून हातावर ठेवलं. "कसा हाये आमचा कप्तान?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. गिऱ्हाईक आलं तर हातानंच परत पाठवलं.

"ग्राउंड शोधून राह्यली तू?" शेवटी ते म्हणाले. "बाई, ग्राउंड आमचं होतंच कवा? ते तं आखर होतं ढोराइचं!"

आखर म्हणजे वस्तीबाहेरची मोकळी जागा. सकाळी सगळ्यांची गुरं तिथं गोळा व्हायची आणि मग गायकी, म्हणजे गुरं राखणारा, त्यांना चरायला घेऊन जायचा. हे मला ठाऊक होतं, आमचीही एक गाय जायची. पण आखर आणि फुटबॉल यांची गाठ मी कधी घातली नव्हती.

"सकाळी ढोरं, सायंकाळी आम्ही," नामदेवराव सांगू लागले. "ढोराइच्या खुरानं जमीन बसून जाये, गवत चरून जाये. आमाले आयतं ग्राउंड! फक्त खेळाच्या आधी शेणाचे पो उचला लागे. नवा पोट्टा आला का पयले पो उचलाचं काम त्याचं. मंग घरं वाढले का गायकी आखर पुढं सरकवे. ढोरं गेले का आम्ही बी गोलपोस्टाचे बाशे उचलून त्याइच्या मागं! पयलं आखर सिंदीत होतं, मंग नाल्यापल्याड गेलं, मंग पिपरी मेघ्याकडं. कोनी इचारलं नाई, कोनी सांगतलं नाई. ढोरं जिकडं, क्लब तिकडं."

म्हणजे रामरावजीही खरे आणि शेजारचे काकाही खरे. ज्यानं जी वर्षं पाहिली, त्याचं ग्राउंड तिथं. मला हसू आलं. एक हरवलेलं मैदान शोधताना माझी दमछाक झाली होती, आता तीन झाली.

"मग भाऊचं कोणतं?"

"तो तं तिन्हीवर खेळला."

मी डोळे मिटले. भाऊ सिंदीतल्या त्या काळ्या मातीवरून असा तोंड फिरवून का गेला? लहान असताना त्याच्या कपड्यांना काळी माती असायची, ती एका पाण्यात निघायची. पण तो कप्तान झाला त्या वर्षांत पिवळ्या बनियनवर गुडघ्याएवढे लाल डाग येऊ लागले. साबण लावा, दगडावर आपटा, निघायचे म्हणून नाहीत. आई म्हणायची, हा खेळतो का लोळतो?

"नामदेवदादा, पिपरीच्या आखरावर लाल मुरूम होता का?"

"होता नं! टेकाडच होतं मुरुमाचं. पडलं का चामडं सोलून निंघे. तुले कसं मालूम? तू तं कवा आली नाई."

"मालूम कसं नसेल? धुणं कुणी धुतलं?"

ते एवढ्या मोठ्यानं हसले की पलीकडचा मिरचीवाला वळून बघू लागला. मग हसता हसता थांबले आणि मफलरनं डोळे पुसले. मी त्यांना म्हणाले, तुम्ही जे पाहिलं ते मला सांगा, मी काहीच पाहिलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. भाऊ डाव्या पायानं बॉल कसा थांबवायचा, संध्याकाळी धूळ उडाली की बॉलपेक्षा आधी पिवळ्या बनियनीच दिसायच्या, अंधार पडून काही दिसेनासं झालं तरी कुणी घरी जाऊ म्हणायचं नाही. मी ऐकत होते आणि मला राग येत होता. हे सगळं माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होत होतं आणि मी तव्यापुढं बसून आरोळ्या मोजत होते! माझाच भाऊ, आणि त्याचं सगळ्यात चांगलं रूप गावानं पाहिलं, मी नाही. एवढी हळहळ मला सासरी जातानाही वाटली नव्हती.

निघताना त्यांनी पिशवीभर संत्री बांधून दिली. पैसे काढले तर म्हणाले, "कप्तानाले सांगजो, नाम्यानं देल्ली." एसटीत पिशवी फाटली आणि संत्री सगळ्या बसभर घरंगळली. प्रत्येक प्रवाशानं वाकून वाकून ती गोळा केली. कंडक्टरनं मात्र एक सोलून खाल्लं, आणि गोड आहे म्हणून सांगितलंही.

पिपरी मेघे

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही पिपरी मेघ्याला गेलो. या खेपेला मी तिळगूळ घेतले नाहीत, आणि भाऊला काही सांगितलंही नाही. आपण फार बोलतो, असं मला सिंदीहून आल्यापासून वाटत होतं.

इथंही घरं येऊ लागली होती, पण मधूनमधून अजून वावरं होती. एका वावरात मेथीचे वाफे, कोबी, वांगी. एक बाई आणि तिची सासू भाजीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. सकाळच्या बाजाराची तयारी. मी विचारलं, इथं कुठं मुरुमाचं टेकाड होतं का? सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"जुनं आखर म्हनता? हे काय, विहिरीच्या मांगं. अर्धं खणून रस्त्यावर नेलं. उरलं तेवढ्यावर आम्ही कुटार टाकतो. तिथं काई पिकत नाई. तुमाले काय करा लागते तिथं?"

"माझा भाऊ तिथं खेळायचा."

त्यांनी भाऊकडे पाहिलं, त्याच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. "जा नं बाई," त्या म्हणाल्या. "मेथीवर पाय नका देजा फक्त."

भाऊनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधावरून, निघालो. विहीर ओलांडली. पुढं जमीन थोडी चढत गेली आणि काळ्या मातीतून लाल मुरूम वर आला. एका अंगाला कुटाराचा, म्हणजे भुसकटाचा ढीग, दुसऱ्या अंगाला खणलेला खड्डा, आणि मध्ये उरला होता एक उघडा, लालसर, उतरता तुकडा. अंगणापेक्षा थोडा मोठा. हेच? मला रडू येईल असं वाटलं. एवढ्याशा तुकड्यासाठी मी याला आगगाडीत घालून आणलं होतं! इथं मैदान म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हा आता परत रिक्षाकडे तोंड फिरवील, आणि मग मी याला कुठं नेऊ?

भाऊ थांबला. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात निघाला. त्यानं एका पायातली चप्पल काढली, मग दुसरी काढली, आणि अनवाणी दोन पावलं पुढं गेला. काठी टेकत, ओढत, पण माझ्याशिवाय. मुरुमावर उभा राहून त्यानं कुटाराकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, मावळतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मागंच उभी होते.

मग तो वळला. मला तिथं बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो खरोखरीच रागावला होता. चांगला हात उचलून त्यानं घराच्या दिशेला झटकला. तोंड वाकडंतिकडं झालं, ओठ थरथरले, काहीतरी आत अडकलं आणि सुटलं.

"शके!" तो म्हणाला. "तू... काऊन आली इथं? घरी... घरी जाय!"

मला आनंद झाला, राग आला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, सगळं एकदमच. नाव घेतलं माझं! आणि घेतलं ते मला हाकलायला! लेकाचा जन्मात सुधारणार नाही. आयुष्यात त्याची एकही आज्ञा मी मोडली नव्हती. मी पदर खोचला आणि त्याच मुरुमावर, त्याच्या समोर, फतकल मारून बसले.

"नाई जात," मी म्हणाले. "तू खेळ भाऊ. मी पाहून राह्यली."